म्यूज नदीकाठचे दोंरेमी : संत जोनचे जन्मगाव

फ्रान्स देशाच्या ईशान्य भागात, लॉरेन प्रांतात, म्यूज नदीच्या डाव्या तीरावर दोंरेमी नावाचे एक लहानसे खेडे आहे. लोकवस्ती जेमतेम शे-सव्वाशे. नदीवर एक पूल, पुलाजवळ चर्च, चर्चला लागून एक जुने दगडी घर आणि भोवताली गवताची विस्तीर्ण कुरणे, एवढाच ह्या गावाचा पसारा. ह्याच गावी सुमारे 1412 साली संत जोन ऑफ आर्क हिचा जन्म झाला.

संत जोनचे रणांगणावरील धैर्य आणि चितेवरील मरण आपल्या वाचकांना परिचित आहे. ज्या गावाने तिला वाढविले, त्याची ओळख मात्र आपल्याला फारशी नसते. प्रस्तुत लेखात आम्ही त्या गावाचाच परिचय करून देत आहोत. ह्याला एक कारण आहे. ज्या न्यायासनाने जोनला पाखंडी ठरविले, त्याने ह्या गावच्या भोळ्या चालीरीती तिच्याविरुद्ध वापरल्या. आणि पंचवीस वर्षांनी तिच्यावरील कलंक धुऊन निघाला, तेव्हा तो धुण्याच्या कामी ह्याच गावच्या शेतकऱ्यांचे, बायाबापड्यांचे साधे शब्द उपयोगी पडले.

भौगोलिक स्थान

म्यूज नदी लांग्रच्या पठारावर उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स ह्या तीन देशांतून सुमारे 900 किलोमीटरहून अधिक प्रवास करून उत्तर समुद्राला मिळते. दोंरेमीजवळ ती अजून लहान आहे. सपाट दरीतून वळणे घेत संथ वाहते आणि हिवाळ्यातील पावसाने फुगली की काठची कुरणे पाण्याखाली घालते. हा पूर शेतकऱ्याला फारसा शत्रू वाटत नाही, कारण पाणी ओसरल्यावर त्या कुरणांत गुरांसाठी उत्तम गवत येते. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 270 मीटर आहे. पश्चिमेस चुनखडीच्या टेकड्या असून त्यांच्या उतारावर रान आहे. ह्या रानाला ब्वा शनू म्हणतात. पूर्वी ते ओक वृक्षांचे रान होते व टेकड्यांच्या उतारांवर द्राक्षमळेही होते.

गावाच्या दक्षिणेस सुमारे 10 किलोमीटरवर नफशातो हे बाजाराचे गाव आहे. उत्तरेस सुमारे 20 किलोमीटरवर वोकुलर हे तटबंदीचे नगर आहे. दोंरेमीला अगदी लागून उत्तरेस ग्रू हे जुळे खेडे आहे, आणि नदीपलीकडे उजव्या तीरावर माक्से. लांग्रहून व्हर्दनकडे जाणारा जुना रोमन मार्ग ह्याच दरीतून जात असे. त्यामुळे गाव लहान असले तरी एकाकी नव्हते. व्यापारी, यात्रेकरू, भिक्षेकरी संन्यासी आणि सैनिक ह्या वाटेने जात-येत असत, आणि त्यांच्याबरोबर दूरच्या राजकारणाच्या वार्ताही गावात पोहोचत असत.

नावाची कथा

दोंरेमी हे नाव रँस नगराचे बिशप संत रेमी ह्यांच्यावरून पडले आहे. लॅटिनमधील ‘डोम्नुस रेमिगियुस’ म्हणजे ‘स्वामी रेमी’ ह्या शब्दांचे ते लोकभाषेतील रूप होय. संत रेमी ह्यांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस ह्याला स्नानसंस्कार दिला. तेव्हापासून रँस नगर आणि फ्रान्सची राजगादी ह्यांचे नाते जडले व पुढे फ्रान्सच्या राजांचा अभिषेक रँसच्या कॅथेड्रलमध्ये होऊ लागला. गावचे चर्चही संत रेमी ह्यांच्याच नावे आहे. ज्या संताच्या चर्चमध्ये जोनचा स्नानसंस्कार झाला, त्याच संताच्या नगरीत तिने पुढे आपल्या राजाला अभिषेकासाठी नेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सोळाव्या शतकापासून गावाच्या नावाला ‘ला प्युसेल’ म्हणजे ‘कुमारी’ हे जोनचे बिरुद जोडले गेले.

सीमेवरचे गाव

जोनच्या काळी दोंरेमी हे सीमेवरचे गाव होते. गावामधून वाहणारा एक ओढा त्याचे दोन भाग करीत असे. उत्तरेकडील भाग वोकुलरच्या ठाण्यामार्फत थेट फ्रान्सच्या राजाच्या अमलाखाली होता. दक्षिणेकडील भाग बार प्रांताच्या ड्यूककडे होता, आणि त्या भागापुरता ड्यूक फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. पुढे ओढ्याचे पात्र बदलले. त्यामुळे जोनचे घर नेमके कोणत्या भागात होते, ह्यावर अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले आहेत. धार्मिक दृष्ट्या मात्र सारे गाव तूल धर्मप्रांतात होते.

तो काळ शंभर वर्षांच्या युद्धाचा होता. 1420 च्या त्र्वाच्या तहाने फ्रान्सची गादी इंग्लंडच्या राजाला देऊ केली होती. बर्गंडीचा ड्यूक इंग्रजांच्या बाजूला होता. पदच्युत राजपुत्र शार्ल ह्याच्या बाजूला देशाचा दक्षिण भाग तेवढा उरला होता. दोंरेमी व ग्रू ही गावे राजपुत्राच्या पक्षाची, तर नदीपलीकडील माक्से बर्गंडीच्या पक्षाचे. दोन्ही गावांतील मुले आपसांत मारामाऱ्या करीत आणि दोंरेमीची काही मुले रक्तबंबाळ होऊन परतत, असे जोनने स्वतः न्यायासनापुढे सांगितले होते. राजांचे भांडण असे पोरांच्या दगडफेकीपर्यंत उतरले होते.

मोठ्यांनाही स्वस्थता नव्हती. नदीतील एका बेटावर तेथील सरदार घराण्याची एक गढी होती. 1420 साली जोनचे वडील जाक द आर्क ह्यांनी गावातील आणखी एका शेतकऱ्यासह ती नऊ वर्षांच्या कराराने भाड्याने घेतली. हेतू हा, की लुटारू सैनिक आले तर माणसांना आणि गुरांना आसरा मिळावा. 1423 साली गावाने शेजारच्या एका सरदाराला घरटी पट्टी देऊन संरक्षण विकत घेतले. 1425 मध्ये गावाची गुरे लुटारूंनी हाकून नेली, ती एका सरदाराच्या मध्यस्थीने परत मिळाली. जुलै 1428 मध्ये बर्गंडीच्या बाजूचे सैन्य चालून आले, तेव्हा सारे गाव गुरांसह नफशातोला पळाले. परत येऊन पाहतात तो गाव जळालेले आणि चर्चही जळालेले. सणासुदीला जोनला मिस्सासाठी शेजारच्या ग्रू गावी जावे लागे.

घर, चर्च आणि बाग

जाक द आर्क हे खाऊनपिऊन सुखी असलेले शेतकरी होते आणि गावच्या कारभारात त्यांना मान होता. आई इझाबेल रोमे ह्या श्रद्धाळू बाई. ‘आमच्या बापा’, ‘नमो मारिया’ आणि श्रद्धांगीकार ह्या प्रार्थना आपण आईकडूनच शिकलो, असे जोनने सांगितले आहे. लिहिणे-वाचणे तिला येत नव्हते. सूत कातणे, शिवणे, कधी वडिलांबरोबर नांगरामागे जाणे, पाळी आली की गावची गुरे राखणे, हा तिचा दिनक्रम होता.

घर आणि चर्च ह्यांच्यामध्ये बाग होती. साधारण तेराव्या वर्षी, उन्हाळ्यातील एका दुपारी, ह्याच बागेत चर्चच्या दिशेने आपल्याला प्रथम दिव्य वाणी ऐकू आली, असे तिने सांगितले. संत मिखाएल, संत कॅथरिन व संत मार्गारेट ह्यांची ती वाणी होती. ‘चांगली राहा, चर्चला जात जा’ अशा आशयाचा पहिला उपदेश होता. राजाकडे जाण्याची आज्ञा पुढे झाली. दर शनिवारी ती ग्रूच्या पलीकडील टेकडीवर असलेल्या बेर्मोंच्या पवित्र मारियेच्या चॅपेलमध्ये मेणबत्त्या घेऊन जात असे.

वृक्ष आणि झरे

ब्वा शनूच्या अलीकडे एक जुना, विस्तीर्ण बीच वृक्ष होता. त्याला गावकरी ‘बायांचा वृक्ष’ म्हणत. पूर्वी येथे पऱ्या येत, अशी म्हाताऱ्या माणसांची गोष्ट होती. जवळच झरे होते आणि तापाने आजारी माणसे त्यांचे पाणी पीत. उपवासकाळातील चौथ्या रविवारी गावची मुले-मुली घरून लहान पाव घेऊन झाडाखाली जात, खेळत, गाणी म्हणत, फुलांचे हार करीत आणि झऱ्याचे पाणी पिऊन घरी येत. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या आदल्या दिवशी धर्मगुरू मिरवणुकीने तेथे जात आणि संत योहानाच्या शुभवर्तमानाचे वाचन करीत. आपल्याकडे शेताला, विहिरीला आशीर्वाद देण्याची प्रथा असते, तशातलाच हा प्रकार.

हा निष्पाप सण पुढे जोनच्या जिवावर उठला. रुआँ येथील खटल्यात तिला त्या वृक्षाविषयी, पऱ्यांविषयी, झऱ्यांविषयी खोदून खोदून विचारण्यात आले. आपण इतर मुलींबरोबर तेथे गेलो होतो आणि दोंरेमीच्या पवित्र मारियेच्या प्रतिमेसाठी तेथे हार केले होते, पऱ्या मात्र कधी पाहिल्या नाहीत, असे तिने निर्भयपणे सांगितले. तरीही आरोपपत्रात त्या वृक्षाला जादूटोण्याचा रंग देण्यात आला.

गाव सुटले

मे 1428 मध्ये जोन आपला नातेवाईक द्युराँ लाक्सार ह्याच्यासह प्रथम वोकुलरला गेली. तेथील ठाणेदार रोबेर द बोद्रिकूर ह्याने तिला परत पाठविले. पुढील हिवाळ्यात ती पुन्हा गेली आणि फेब्रुवारी 1429 मध्ये मोजक्या सोबत्यांसह राजपुत्राच्या भेटीला निघाली. त्यानंतर तिने दोंरेमी पुन्हा पाहिले नाही. पुढील घटना झपाट्याने घडल्या. 8 मे 1429 रोजी ऑर्लेआँचा वेढा उठला, 17 जुलैला रँस येथे सातव्या शार्लचा अभिषेक झाला, 23 मे 1430 रोजी काँपिएन्य येथे ती पकडली गेली आणि 30 मे 1431 रोजी रुआँच्या बाजारचौकात तिला जिवंत जाळण्यात आले. तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती.

रँसच्या अभिषेकाच्या वेळी वडील तिला भेटायला आले होते. त्याच जुलैच्या अखेरीस राजाने तिच्यासाठी दोंरेमी व ग्रू ह्या दोन गावांना करमाफी दिली. करवसुलीच्या वहीत ह्या गावांपुढे रकमेच्या जागी ‘काही नाही, कुमारीसाठी’ अशी नोंद होऊ लागली. पुढे सोळाव्या शतकात दोंरेमी लॉरेनच्या अमलाखाली गेले आणि त्याची सवलत संपली. ग्रूची सवलत मात्र अठराव्या शतकापर्यंत टिकली.

गावाची साक्ष

खटला चालू असताना बिशप पियेर कोशों ह्यांनी जोनविषयी माहिती काढण्यासाठी माणसे दोंरेमीला पाठविली होती. चौकशी करणाऱ्यांना तिच्याविरुद्ध काहीच सापडले नाही. त्यांच्यापैकी एकाने, आपल्या सख्ख्या बहिणीविषयी जे ऐकायला आवडणार नाही असे काहीही आपल्याला तिच्याविषयी आढळले नाही, असे सांगितल्याचे एका व्यापाऱ्याने नंतर साक्षीत नमूद केले. ही माहिती खटल्याच्या कामी घेतली गेली नाही. गावाचा शब्द त्या वेळी दाबला गेला.

तो शब्द पुढे आला 1456 साली. वृद्ध आईने व भावांनी केलेल्या विनंतीवरून पोप कॅलिक्स्टस तिसरे ह्यांनी जून 1455 मध्ये फेरतपासणीची आज्ञा दिली. 7 नोव्हेंबर 1455 रोजी इझाबेल रोमे ह्या पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये परमगुरूंच्या प्रतिनिधींसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या लेकीसाठी न्याय मागितला. त्यानंतर 28 जानेवारी ते 11 फेब्रुवारी 1456 ह्या काळात दोंरेमी, वोकुलर व तूल येथे चौतीस जणांच्या साक्षी झाल्या. शेतकरी, धर्मगुरू, सरदार, जोनच्या स्नानसंस्कारातील धर्ममाता, तिच्या बालमैत्रिणी अशी ती मंडळी होती.

ह्या साक्षींत रणांगणाचा उल्लेख जवळजवळ नाही. आहे ते रोजचे जीवन. पेरँ द्रापिए हा चर्चची घंटा वाजविणारा सेवेकरी. संध्याप्रार्थनेची घंटा वाजवायला तो विसरला की जोन त्याला रागे भरत असे आणि नेमाने वाजविलीस तर भेट देईन असे सांगत असे. सिमोनँ म्युनिए ह्याने सांगितले, की लहानपणी तो आजारी असताना ती त्याची शुश्रूषा करायला येत असे. गोरगरीब आले तर ती त्यांना आपली खाट देई व स्वतः चुलीपाशी निजे, असे आणखी एका स्त्रीने सांगितले. बर्गंडीच्या पक्षाच्या एका गावकऱ्यानेही तिच्याविरुद्ध शब्द काढला नाही. मैत्रीण ओव्हिएत हिची साक्ष तर आजही वाचणाऱ्याचे मन हेलावते. जोन आपला निरोप न घेता गेली हे कळले तेव्हा आपण फार रडलो, कारण ती चांगली होती आणि आपली सखी होती, असे तिने सांगितले.

वृक्षाविषयीही त्यांना विचारले गेले. सर्वांनी एकच सांगितले : आम्ही सगळेच तेथे जात होतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका मुलीवर ठेवलेला आरोप साऱ्या गावाने असा स्वतःवर घेतला, आणि तो आरोपच उरला नाही. 7 जुलै 1456 रोजी रुआँ येथे पूर्वीचा निकाल रद्द ठरविण्यात आला. पोप दहावे पायस ह्यांनी 18 एप्रिल 1909 रोजी तिला धन्यवादित घोषित केले. 16 मे 1920 रोजी पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनी तिला संतपद बहाल केले आणि 1922 साली पोप पायस अकरावे ह्यांनी तिला फ्रान्सची दुय्यम आश्रयदाती घोषित केले. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनीही 26 जानेवारी 2011 रोजीच्या आपल्या सार्वजनिक भेटीत तिच्यावर प्रवचन केले.

नंतरची शतके

जन्मघराची जपणूकही गावानेच केली. 1580 साली मोंतेन्य हा फ्रेंच लेखक येथून गेला, तेव्हा घराच्या दर्शनी भिंतीवर तिच्या पराक्रमाची चित्रे रंगविलेली होती व ती जुनी होऊन झडत होती. घराच्या दारावर राजचिन्हे व 1481 हे साल कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे घर नेपोलियनच्या सैन्यातील एका निवृत्त सैनिकाच्या मालकीचे होते. एका परदेशी उमरावाने देऊ केलेली मोठी रक्कम नाकारून त्याने 1818 साली ते कमी किमतीत व्होज जिल्ह्याच्या कौन्सिलला दिले. 1840 पासून ते राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत आहे.

संत रेमी ह्यांच्या चर्चमध्ये 1824 च्या सुमारास मोठा बदल झाला. पूर्वी जेथे दार होते तेथे वेदी आली आणि वेदीच्या बाजूस प्रवेशद्वार झाले. स्नानसंस्काराचे जुने दगडी पात्र आणि संत मार्गारेट हिचा प्राचीन पुतळा मात्र सांभाळून ठेवलेला आहे. गावापासून सुमारे दीड किलोमीटरवर, ब्वा शनूच्या उतारावर, 1881 साली वास्तुशास्त्रज्ञ पॉल सेदिए ह्यांच्या आराखड्याने बॅसिलिकेचे काम सुरू झाले. 1926 साली तिचे पवित्रीकरण झाले.

आजचे दोंरेमी

आज दोंरेमी व्होज जिल्ह्यात व सँ-दिए धर्मप्रांतात मोडते. जन्मघर, चर्च आणि बॅसिलिका ही तिन्ही स्थळे पायी फिरून पाहता येतात. घर चार खोल्यांचे असून छप्पर एकाच बाजूला उतरते झाले आहे. जोनची म्हणून दाखविली जाणारी खोली लहान व अंधारी आहे आणि तिच्या झरोक्याची दिशा चर्चकडे आहे. संताचा स्मरणदिन 30 मे हा असून फ्रान्समध्ये मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिचा राष्ट्रीय उत्सव साजरा होतो. त्या सुमारास येथे यात्रेकरूंची गर्दी असते. एरव्ही गाव शांत असते, आणि कुरणांत गुरे चरत असतात.

पराक्रमाचे पुतळे राजांनी व नगरांनी उभारले. परंतु जोनचे निष्कलंक बालपण जगाला ठाऊक झाले ते घंटा वाजविणाऱ्या, सूत कातणाऱ्या, गुरे राखणाऱ्या माणसांनी पंचवीस वर्षे मनात जपलेल्या आठवणींमुळे. त्यांपैकी पुष्कळांना सही करता येत नव्हती. खरे बोलता मात्र येत होते. आपल्या धर्मग्रामांतही अशी वृद्ध माणसे आहेत, ज्यांना जुन्या धर्मगुरूंच्या, धर्मभगिनींच्या, शेजाऱ्यांच्या निःस्वार्थ जीवनाच्या गोष्टी ठाऊक आहेत. त्यांच्याजवळ बसून त्या ऐकाव्यात, सालासह लिहून ठेवाव्यात आणि पॅरिशच्या दप्तरात जतन कराव्यात, अशी आम्ही वाचकांना विनंती करतो. कोणाच्या न्यायासाठी त्यांची केव्हा गरज पडेल, हे आज सांगता येत नाही.